दह्याने पास केलेली पेटी

सुमन गेली तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प चारच्या एका दुकानात दोन हातांत विजेचे दोन रिले धरून उभा होतो. शेजारच्या कमलताईंचा फोन आला. "भाऊ, आहात तसे निघा." मी समजलो... आजारी बायको टाकून पार्ट आणायला गेला, असं लोक बोलतात. बोलू देत. मला तिनेच पाठवलं होतं. "अहो, शाळा उघडायला आली. माझ्या तोंडाकडे बघत काय बसलाय? जा."

ती बदलापूर गावातल्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. मी चौथी पास, अंबरनाथला मोटारी वाइंडिंग करणारा. बऱ्याच वर्षांपूर्वी शाळेला जंतू वाढवून दाखवायला एकसारखी ऊब धरणारी पेटी पाहिजे होती. विकतची परवडेना, तेव्हा हिने सरांना परस्पर सांगून टाकलं, "आमचे हे करतील." जुन्या फ्रिजचं खोकं, खाली हीटर, वर पंखा, इथवर जमलं. हीटर चालू-बंद कोण करणार, यावर आमचं भांडण. मला बिनआवाजाचा इलेक्ट्रॉनिक रिले हवा होता. नवीन माल! हिला टिकटिक करणारा जुनाच. म्हणाली, "न बोलता बिघडणारा नको. तुमच्यासारखा तोंडाळ आणा, बंद पडला तर कळेल तरी. आणि वर जास्त तापलं की बंद करणारा एक साधा थर्मोस्टॅट वेगळा लावा. पोरं हात घालतात त्यात." शेवटी तिचंच झालं. मग पेटी पास करायची तिची रीत. सकाळी आत वाटीभर दही लावायचं. "थर्मामीटर तुम्ही बघाल तेवढ्यापुरतं सांगतो, दही दिवसभराचं सांगतं," म्हणायची. ती पेटी अकरा वर्षं चालली. यंदा गंजून गेली, म्हणून शाळेने नवी मागितली.

तेरावं झाल्यावर कामाला बसलो. वाद घालायला कोणी नव्हतं, मला पाहिजे तो रिले लावता आला असता. नाही लावला. फ्रिजमध्ये तिने लावलेल्या शेवटच्या दह्याची वाटी होती. त्यातलं विरजण काढून आत दूध ठेवलं. संध्याकाळी बघतो तर आंबट ढाण, वर पाणीच पाणी. पेटी जास्त तापली, की माझा हात चुकला? जन्मात कधी दही लावलं नव्हतं, कळणार कसं? आणि वाटीत आता तळाशी चिकटलेलं तेवढंच उरलेलं. तेही वाया गेलं असतं तर तिच्या हातचं संपलं.

वाटी घेऊन कमलताईंकडे गेलो. त्या हसल्या. "भाऊ, चमचाभर घातलंत? नखभर पुरतं! दुधात करंगळी बुडवा, ऊब लागली पाहिजे, चटका नाही. आणि माझ्याकडचं ताजं विरजण न्या की."

"नको," मी म्हणालो. वाटी घेऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी नखभरच घातलं. दिवसभर पेटीसमोर बसून राहिलो, दार उघडलं नाही. संध्याकाळी वाटी उपडी केली... दही हललं नाही.

पेटी शाळेत पोचवली. दही मी घरी ठेवलं. त्यातलंच थोडं घेऊन रोज नवीन लावतो. मला दही आवडत नाही, कधीच आवडलं नाही. तिला माहीत होतं.