आपटेमास्तरांची बाहेरची शाळा

आम्ही जुने शिक्षक कुणाच्या लग्नाकार्यात भेटलो की पानं मांडायच्या आत आपटेमास्तरांचा विषय निघतो. एकाने एक गोष्ट सांगितली की दुसऱ्याला दोन आठवतात. माझ्याकडे जरा जास्त आहेत, कारण मी त्यांच्या हाताखाली होतो. साल एकोणीसशे तीसच्या आसपासचं. नागावच्या पुढे, खाडीकाठी आमची दोन शिक्षकांची शाळा.

पहिली फजिती माझीच. मी नवा, ट्रेनिंग कॉलेजातून ताजा आलेला. भिंतीवर नकाशा टांगून पोरांकडून घोकून घेतलं, "वर उत्तर, खाली दक्षिण." मास्तर दारात येऊन उभे राहिले आणि एका मुलाला म्हणाले, "बाळ, उत्तर कुठे आहे, दाखव बघू."

त्याने बोट छपराकडे केलं.

मास्तर आपल्या वर्गाकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मीच नकाशा अंगणात अंथरला, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला लावली आणि पोरांना भोवती बसवलं. त्या दिवसापासून मी मास्तरांच्या पक्षात.

*

पुस्तकात होतं, समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते. आमचा हसन लगेच म्हणाला, "पन रोज त्याच टायमाला न्हाय येत, मास्तर." त्याचा आजा खाडीत तर, म्हणजे माणसं पैलतीरी नेणारी होडी, चालवायचा.

"मग कधी येते?" मास्तरांनी विचारलं. हसनला नेमकं सांगता येईना. मास्तरांनी खाडीत एक बांबू रोवला, खिशातलं घड्याळ पोरांच्या हाती दिलं आणि पाणी सगळ्यात वर कधी चढतं ते रोज लिहायला लावलं. आठ दिवसांनी पोरांना कळलं, भरती रोज साधारण पाऊण तास उशिरा येते.

हसनचा आजा तरीत बसून हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "रोज दोन घटका मागं. त्याला आठ दिस कशाला? मला इचारायचं."

मास्तर म्हणाले, "मग पुढचा धडा तुम्हीच घ्या."

सोमवारी आजोबा धुतलेली टोपी घालून शाळेत हजर. उधाण आणि भांग, म्हणजे मोठी भरती आणि लहान भरती, त्यांनी तासभर शिकवली. जन्मात शाळेची पायरी न चढलेला माणूस, पण तास संपला तरी पोरं त्यांना सोडेनात.

*

गावात सगळ्यांनाच हे पटत होतं असं नाही. बापूसाहेब मोठे बागाईतदार. ते तणतणत आले. "मास्तर, पोराला शिकायला धाडतो, हिंडायला नाही."

मास्तर शांतपणे म्हणाले, "तुमच्या विहिरीकडचा माड किती उंच?"

"ते गडी चढल्याशिवाय कसं कळणार?"

मास्तरांनी बापूसाहेबांच्याच मुलाला, विनूला, पुढे केलं. विनूने हातभर काठी उन्हात उभी केली. काठीची सावली बरोबर हातभर झाली, तशी धावत जाऊन त्याने माडाची सावली मोजली. "एकेचाळीस हात," तो म्हणाला.

बापूसाहेबांनी गडी चढवला आणि वरून दोर सोडायला लावला. एकेचाळीस हात, त्यात दोन बोटं कमी.

"दोन बोटं चुकलास की रे," बापूसाहेब म्हणाले. आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला सांगत सुटले, "आमचा विन्या चढल्याशिवाय माड मोजतो."

*

चांद्री कोळ्याची. वर्गात तोंड उघडायची नाही, त्यामुळे मी तिला मठ्ठ समजत होतो. एकदा होड्या लागल्या तेव्हा मास्तर सगळ्यांना किनाऱ्यावर घेऊन गेले. स्वतः पक्के शाकाहारी. टोपलीपाशी पाटी घेऊन बसले आणि चांद्रीला म्हणाले, "तू सांग, मी लिहितो."

तिने वीस मासळ्यांची नावं सांगितली. कोणती चिखलात राहते, कोणती खडकात, तेही सांगितलं. मग टोपली फिरवून एकेक मासा मास्तरांपुढे धरायला लागली. मास्तरांचे वीसपैकी सात चुकले.

चांद्रीने पाटी पुसून त्यांच्या हातात दिली. "उद्या परत या, मास्तर."

मास्तर खरोखर गेले. तिसऱ्या दिवशी पास झाले. आणि चांद्री वर्गात बोलायला लागली ती कायमची.

*

आता शेवटचा किस्सा सांगतो. हा सांगताना मला आजही नीट बसवत नाही.

महारवाड्यातून गणू नावाचा मुलगा यायचा. त्याने पडवीत बसायचं आणि खिडकीतून ऐकायचं, ही गावाची रीत. आम्ही दोघंही शिक्षक ती मुकाट्याने पाळत होतो, हे कबूल केलं पाहिजे. पण शाळा बाहेर भरायला लागली आणि रानात, खाडीवर पडवी कुठली? गणू सगळ्यांत बसायला लागला. आवाजावरून पाखरू ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बाकीची पोरं त्याच्याकडून शिकत होती.

मग वार्षिक परीक्षा आली. शाळा तपासणारे सरकारी डेपुटीसाहेब येणार, म्हणजे परीक्षा वर्गातच. सकाळी साहेबांची खुर्ची आत मांडली. बापूसाहेब आणि गावातली चार मोठी माणसं येऊन बसली. गणू पाटी घेऊन पडवीतल्या जुन्या जागी जाऊन बसला.

मास्तरांनी घंटा दिली. विनू आला आणि गणूच्या शेजारी बसला. पाठोपाठ हसन, चांद्री. बघता बघता अख्खी शाळा पडवीत आणि वर्ग रिकामा.

बापूसाहेब उभे राहिले. "विन्या, आत ये."

विनूची मान खाली होती. पण तो हलला नाही.

डेपुटीसाहेब दारात आले. "हा काय प्रकार आहे?"

विनूच उभा राहून म्हणाला, "साहेब, आम्ही बाहेरच शिकलो. परीक्षा बाहेरच घ्या."

मास्तरांची नोकरी त्या क्षणी साहेबांच्या हातात होती. त्यांनी साहेबांकडे पाहिलंही नाही. आत गेले आणि फळ्याचं एक टोक धरलं. मी दुसरं टोक धरलं. फळा पडवीत आणून आम्ही भिंतीला टेकवला.

डेपुटीसाहेबांनी पडवीतल्या पोरांवरून एक नजर फिरवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझी खुर्चीही बाहेर आणा."