नवरंगाला काय वाढायचं?

"बेन, आ तो कंई खातुं ज नथी," हसमुखभाई म्हणाले. त्यांच्या हातात भिजवलेल्या मुगांची वाटी होती. टेबलावर टॉवेलच्या घडीत एक नवरंग डोळे अर्धवट मिटून बसला होता. मुगाचा एक दाणा त्याच्या चोचीला चिकटला होता, तो झटकण्याचेही त्याने कष्ट घेतले नव्हते.

"खाणार नाही," मी म्हटलं. "हा दाणे खाणारा पक्षी नाही."

"भूख लागशे तो खाशे."

"नाही हो. उपाशी मरेल, पण मूग खाणार नाही."

हसमुखभाई आमच्या हॉस्पिटलचे विश्वस्त. सुरतेत, कतारगामच्या एका गल्लीत, जखमी पक्ष्यांसाठी चालवलेलं हे धर्मादाय हॉस्पिटल आहे आणि मी तिथली डॉक्टर. हसमुखभाईंचा हिऱ्यांचा कारखाना आता मुलगा बघतो. हे रोज सकाळी पांढऱ्या सदऱ्यात येतात, कबुतरांना ज्वारी घालतात आणि दुपारपर्यंत ऑफिसात बसतात. पक्क्या नेमाचे जैन. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडायला फार त्रास होतो.

नवरंग त्या सकाळी आला होता साडीच्या खोक्यातून. आमच्याकडचे निम्मे पेशंट साडीच्या खोक्यातूनच येतात. कापड मार्केटच्या एका वॉचमनला तो काचेच्या भिंतीखाली पडलेला सापडला. मे संपून जून लागला की हे ठरलेलंच असतं. नवरंग हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरटं करायला आपल्याकडच्या जंगलांत येतो. प्रवास रात्रीचा. वाटेत सुरतेसारखं शहर लागतं, उंच इमारतींवर रात्रभर दिवे असतात, पाखरू गोंधळतं आणि काचेवर आपटतं.

पाठ हिरवी, पोट बदामी, पंखावर निळा पट्टा, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून काळी रेघ, गळा पांढरा. शेपूट मात्र इतकं आखूड की देवाचे रंग संपले असावेत असं वाटतं. मी त्याला तपासलं. हाड मोडलेलं नव्हतं. डोकं एका बाजूला कललेलं, उजवा पंख किंचित लोंबणारा. याला आम्ही कन्कशन म्हणतो, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का. तो अंधारात, शांततेत आपोआप उतरतो. माझी काळजी वेगळी होती. पक्ष्याच्या छातीच्या मध्ये एक उभं हाड असतं, त्याला कील म्हणतात. पोटभर खाणाऱ्या पक्ष्याचं कील मांसात लपलेलं असतं. याचं माझ्या बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागलं. लांबच्या प्रवासात अंगावरची सगळी चरबी जाळून आलेला जीव होता तो. ग्लुकोजच्या थेंबांवर आजचा दिवस निघाला असता, फार तर उद्याचा.

नवरंग खातो गांडुळं, वाळवी, किडे, बारक्या गोगलगायी. आणि आमच्या हॉस्पिटलचा पहिला नियम असा की इथे कुठल्याही जिवाला दुसरा जीव खाऊ घालायचा नाही. घार किंवा बगळा आला की आम्ही मलमपट्टी करून लगेच वनखात्याच्या केंद्रात पाठवतो. मी तिथे फोन लावला.

"मॅडम, जागा नाही, माणूस नाही. परवा गाडी पाठवतो," तिकडचे साहेब म्हणाले.

"परवा गाडी रिकामीच जाईल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पिंजरे साफ करणाऱ्या सुमनताई दारात उभ्या होत्या. त्या अमळनेरकडच्या, नवरा उधन्याच्या मिलमध्ये. हॉस्पिटलात माझ्याशी मराठीत, म्हणजे त्यांच्या अहिराणीत, बोलणारं एवढं एकच माणूस. "मॅडम, हाई पाखरू मरी जाई का?" त्यांनी विचारलं. मी पाखराच्या चोचीत ग्लुकोजचा थेंब सोडला.

घरी न्यावा, असं मनात आलं. उधन्याला वडिलांनी मागे ठेवलेली दोन खोल्यांची जागा आहे. वडील गेले, आई त्यांच्या आधीच गेली, भाऊ पुण्यात. घरात मी आणि फ्रिजचा आवाज. जागेची अडचण नव्हती. पण जंगली पक्षी परवानगीशिवाय घरी ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि हे मीच शाळाशाळांतून मुलांना सांगत फिरते.

मग मी हसमुखभाईंच्या ऑफिसात गेले. म्हटलं, मला गांडुळं आणायची परवानगी द्या.

त्यांनी समोरची वही मिटली. "एक जीव बचाववा माटे सो जीव मारवाना? आ हिसाब मने नथी आवडतो, बेन."

"पण तो पक्षी आहे. त्याला निसर्गानेच तसा केलाय."

"ए खाय ते एनुं करम. हूं खवडावुं ते मारुं."

पक्षी स्वतः खातो ते त्याचं कर्म, आपण खाऊ घालू ते आपलं, असा त्यांचा हिशेब. मला राग आला. राग फक्त नवरंगापायी नव्हता. नोकरीला लागले तेव्हाच्या इंटरव्ह्यूत माझं आडनाव ऐकून एका विश्वस्तांनी पदवीच्या आधी विचारलं होतं, घरी काय खाता? आम्ही बौद्ध, जळगावकडचे, वडील मिलमध्ये. मी म्हटलं, "सगळं." तरी नोकरी मिळाली, कारण कबुतरांचा डॉक्टर व्हायला दुसरं कोणी तयार नव्हतं. तेव्हापासून मी डब्यात शाकाहारीच आणते आणि एक्स-रेच्या खोलीत बसून जेवते. बाकीचा स्टाफ पुढच्या खोलीत एकत्र बसतो. मला कोणी येऊ नको म्हटलेलं नाही. ये, असंही कोणी म्हटलेलं नाही. दिवसभर गुजराती-हिंदी बोलते, मराठी बोलावंसं वाटलं की पेशंटशी बोलते. कबुतरांना आता बरीच मराठी कळत असावी.

म्हणून तो नवरंग बघून मला भलतंच वाटत होतं. हा पक्षी थव्यात नसतो. जमिनीवर, झुडपांखाली, पाचोळा उलटत एकटा उड्या मारत फिरतो. त्यात तो अशा ठिकाणी येऊन पडला होता जिथे सगळे त्याच्याशी प्रेमाने वागत होते आणि त्याचं जेवण मात्र कोणाला चालणारं नव्हतं. मला त्याची फार कीव आली. थोडी माझीही आली, उगीच का लपवू?

हॉस्पिटलच्या मागे बदामाचं झाड आहे. त्याखाली पाचोळा, सांडलेली ज्वारी, पक्ष्यांची विष्ठा असं सगळं वर्षानुवर्षं साठलेलं आहे. तिथे औषध मारायचं नाही, फावडं चालवायचं नाही, जीव मरतील, असा हसमुखभाईंचा हुकूम. त्यामुळे त्या ओलसर ढिगात अख्ख्या कतारगामात नसतील इतकी गांडुळं सुखाने नांदत होती. मी पुन्हा ऑफिसात गेले.

"मी काही मारणार नाही," मी म्हटलं. "त्याला फक्त बदामाखाली ठेवते, वरून जाळी लावते. तो काय खातो ते मी बघणारसुद्धा नाही."

हसमुखभाई पहिल्यांदाच जरा हसले. "बेन, तमे डॉक्टर छो, वकील ना बनो. जाणीने मुको तो मुकनारनुं पाप." जाणूनबुजून ठेवलं तर पाप ठेवणाऱ्याचंच, असं त्यांचं म्हणणं.

"मग उद्यापासून मी येत नाही. डोळ्यांदेखत उपाशी मारण्यासाठी मला पगार नको."

हे मी बोलून गेले. सुरतेत पक्ष्यांच्या डॉक्टरला दुसरी नोकरी कुठे ठेवली आहे? हसमुखभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. बाहेर कबुतरं घुमत होती.

"मुको," ते म्हणाले. "पाप मारुं. हूं अठ्ठम करीश."

अठ्ठम म्हणजे लागोपाठ तीन दिवसांचा उपवास. उपवास म्हणजे आपल्यासारखी साबुदाण्याची खिचडी नव्हे. फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. मी म्हटलं, तुमचं वय बघा, असं काही करू नका. ते म्हणाले, "तमे पक्षीनुं जुओ."

जाळीचा प्रश्न सुमनताईंनी सोडवला. तारेच्या जाळीवर पिसं तुटतात, म्हणून मऊ काहीतरी हवं होतं. त्यांच्या नवऱ्याने मिलमधून नेटच्या कापडाचा डागी तागा आणला, ओढणीला लावतात ते. आम्ही बांबू रोवून त्याचा तंबू केला. कापड गुलाबी होतं आणि त्यावर टिकल्या होत्या. आत नवरंग सोडला. बराच वेळ तो नुसता उभा होता. मग डोकं कललेलं असतानाच त्याने एक पान उलटलं, दुसरं उलटलं आणि तिसऱ्याखालून गांडूळ ओढून गिळलं.

मला इतका आनंद झाला की मी वळून ऑफिसच्या खिडकीकडे हात हलवला. हसमुखभाई खिडकीकडे पाठ करून बसले होते. मी हात खाली घेतला.

पुढचे दिवस विचित्र गेले. नवरंग सकाळ-संध्याकाळ चरत होता, त्याचं कील मांसाने भरत चाललं होतं. ऑफिसातल्या खुर्चीत हसमुखभाई वाळत चालले होते. येणं त्यांनी थांबवलं नाही. ज्वारी घालायला उठत तेव्हा भिंतीला हात लावून उठत. स्टाफमध्ये माझ्याशी कोणी नीट बोलेना. समोरून कोणी काही म्हणत नव्हतं, पण मी गेले की पुढच्या खोलीतलं बोलणं थांबायचं. "म्हातारा उपाशी, पाखरू खाई राह्यनं," सुमनताई कपाळाला हात लावून म्हणाल्या. त्यांनाही हसावं की रडावं कळत नव्हतं.

अठ्ठम पूर्ण झाला तरी नवरंगाचा पंख बरा झाला नव्हता. तो झुडपाइतका उंच उडायचा आणि उजवीकडे कलंडायचा. वनखात्याची गाडी एव्हाना दोनदा विचारून गेली होती. मी नाही म्हटलं, कारण तिथल्या पिंजऱ्यात तो पुन्हा भेदरला असता. त्या दुपारी हसमुखभाईंच्या सुनेचा फोन आला.

"डॉक्टर मॅडम, तमारुं पक्षी क्यारे उडशे? पप्पाए आजे पण पारणुं नथी कर्युं. तमने खबर छे, एमने डायाबिटीस छे?"

डायाबिटीसची मला खबर नव्हती; पाखरू आमच्याकडे चरतंय तोवर ते उपवास सोडणार नाहीत, हेही आत्ताच कळत होतं. त्याच दिवशी नवरंग सोडून दिला असता तर कोणी मला दोष दिला नसता. जंगलात गेल्यावर तो पडला की उडाला, कोण बघायला जाणार होतं? एक म्हातारा जेवला असता आणि पुढच्या खोलीतल्या लोकांनी कदाचित मला चहा दिला असता. मी ऑफिसात गेले आणि म्हटलं, "उद्या सोडते त्याला. तुम्ही जेवा."

"उडे छे?"

"थोडा कलंडतो."

हसमुखभाईंचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द स्पष्ट होते. "उतावळ ना करो. उतावळ करशो तो मारा उपवास फोगट जशे."

मी त्यांची साखर तपासायला लावली. त्यांचा फॅमिली डॉक्टर त्यांच्या घरी येऊन बसला, त्याने मला फोनवर चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. मग बदामाखाली जाऊन बसले आणि नवरंगाला मराठीत सांगितलं की बाबा रे, आता आटप. इतकं असहाय मला वडिलांच्या शेवटच्या आजारातही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना त्याने पहिल्यांदा शीळ घातली. नवरंगाची शीळ दोन सुरांची असते, स्वच्छ, माणसाने घातल्यासारखी. तो मान मागे टाकून परत परत शीळ घालत होता आणि मधे थांबून ऐकत होता. उत्तर द्यायला कतारगामात दुसरा नवरंग नव्हता. मग तो सरळ उडाला, तंबूच्या कळसाशी जाऊन बांबूवर बसला. कलंडला नाही. मी तिथूनच वनखात्याला गाडीसाठी फोन केला.

पुढच्या संध्याकाळी डांगच्या जंगलाच्या कडेला, सागाखाली, मी खोकं उघडलं. सोबत फक्त वनखात्याचा ड्रायव्हर होता आणि तो फोनवर बोलत होता. नवरंग बाहेर आला, चार उड्या मारून पाचोळ्यात शिरला आणि दिसेनासा झाला. मागे वळून बघणं वगैरे पक्षी करत नाहीत. मी बराच वेळ थांबले. आत कुठेतरी दोन सुरांची शीळ आली, आणि लांबून तशीच दुसरी. पहिली त्याचीच, असं मी मानून घेतलं. परतीच्या रस्त्यावर मी रडले. ड्रायव्हरने रेडिओ लावला, ते बरंच झालं.

सकाळी हॉस्पिटलात गेले तर ऑफिसात हसमुखभाई, त्यांची सून आणि झाडून सगळा स्टाफ. टेबलावर मुगाच्या पाण्याची वाटी. उपवास सोडायला पहिल्यांदा तेच देतात आणि ते दुसऱ्या कोणीतरी पाजायचं असतं, बहुधा घरच्या किंवा मानाच्या माणसाने. मी मागे भिंतीशी उभी राहिले.

हसमुखभाईंनी वाटी उचलून माझ्यापुढे धरली.

"मी?" मी विचारलं. "माझ्या हातचं?"

"उपवास तमारा कारणे थया," ते म्हणाले. "तो पारणुं बीजुं कोण करावशे?"

सुनेने चमचा पुढे केला. चिमणीच्या पिल्लाला सिरिंजने पाजतानासुद्धा माझा एक थेंब कधी इकडचा तिकडे होत नाही. त्या दिवशी दोन चमचे त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडले.

"पक्षीने तो सरस पीवडावो छो," हसमुखभाई सदरा पुसत म्हणाले, आणि खोलीत सगळे हसले. मीही.

हॉस्पिटलचा नियम आजही तोच आहे. बदलावा असं मी पुन्हा म्हटलं नाही, आणि बदलू असं तेही म्हणाले नाहीत. फक्त मे संपत आला की आम्ही दोघं मार्केटच्या कमिटीकडे जातो, नवरंग येण्याच्या दिवसांत रात्री काचेवरचे दिवे बंद ठेवा म्हणून सांगायला. पक्ष्याच्या डोळ्यांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो हे मी सविस्तर समजावते, तेव्हा व्यापारी घड्याळाकडे बघतात. मग हसमुखभाई शांतपणे म्हणतात की दिवा चालू राहिला तर मला उपाशी राहावं लागेल. दिवे लगेच बंद होतात.