परत आलेलं भाडं

परळची आमची चाळ पाडली आणि नव्या इमारतीतल्या घराचा करार आईच्या नावावर व्हायचा होता. बिल्डरच्या ऑफिसात सगळे कागद पास झाले, एक सोडून. भाडं थकलेलं नाही, असं जुन्या मालकाचं पत्र. चाळ विकून त्याला काही वर्षं झाली होती, तरी पत्र देणं त्याच्याच हातात होतं. पत्राऐवजी त्याने नोटीस पाठवली. नऊ तिमाह्यांचं भाडं बाकी, चार हजार आठशे साठ रुपये.

आकडा वाचून मला हसू आलं. ते टिकलं नाही, कारण पत्राशिवाय करार नव्हता आणि सत्तरी उलटलेली आई चार वर्षं शिवडीतल्या भाड्याच्या खोलीत त्या कराराची वाट बघत होती.

प्रकरण मला ऐकून माहीत होतं. बाबांनी मालकाला न विचारता खोलीत मोरी बांधली. मालक चिडला आणि त्याने भाडं घेणंच बंद केलं. म्हणजे पुढेमागे भाडं थकवलं म्हणून खोली खाली करून मागता येते. ही युक्ती चाळीत सगळ्यांना पाठ होती आणि तिच्यावरचा उपायही. बाबा दर तीन महिन्यांनी पाचशे चाळीस रुपयांची मनीऑर्डर करत, मालक ती घेत नसे, पोस्टमन पैसे परत आणून देई आणि सोबतच्या कागदावर शेरा असे, 'घेण्यास नकार'. तो शेरा बाबा एखाद्या सर्टिफिकेटसारखा जपत. सव्वादोन वर्षांनी मालक कंटाळला आणि पुढचं भाडं घेऊ लागला. मागचा विषय दोघांनीही काढला नाही.

ते कागद दाखवले की काम होईल असं मी धरून चालले होते. ओळखीच्या वकिलाने माझा भ्रम घालवला. कागदांवरून तुम्ही बुडवे नाहीत एवढंच ठरतं; पैसे परत आले, म्हणजे भाडं दिलं गेलं नाही. मागायची मुदत कधीच संपली आहे, पण भांडत बसलात तर करार लांबेल.

घरी येऊन मी आईला विचारलं, परत आलेले पैसे गेले कुठे? माझ्या फीमध्ये गेले असणार, असा माझा अंदाज होता.

"जातले खंय? आसत," म्हणत आईने कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. आत नऊ पाकिटं होती. प्रत्येकात शेऱ्याचा कागद, पाचशेची एक नोट आणि दहाच्या चार. पाचशेच्या सगळ्या नोटबंदीत रद्द झालेल्या.

"अगं, बदलून का नाही घेतल्या?"

"मी सांगलंय त्यांका. तर म्हणतत कसे, मालकाचे पैशे आपल्या खात्यात कशे भरूचे?"

मला बाबांचा संताप आला. नोटबंदीत मी स्वतः त्यांच्यासोबत बँकेच्या रांगेत उभी होते, घरातल्या तीन नोटा घेऊन. अर्धा दिवस गेला. डब्यातल्या नऊ नोटांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. आता ते हयात नाहीत, त्यामुळे भांडायची सोय नाही.

मालक माटुंग्याला राहतो. आम्ही दोघी गेलो. मी मोबाईलवरून पैसे पाठवले, त्याने चष्मा कपाळावर चढवून ते आल्याची खात्री केली आणि पत्रावर सही केली. मी पत्र पर्समध्ये टाकून उठले. आई उठली नाही. तिने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

"शेठ, हे तुमचे."

त्याने एक पाकीट उघडलं, नोट उलटसुलट करून बघितली. "बाई, पैसे मिळाले ना मला. आणि या नोटा आता चालत नाहीत."

"तेव्हा चालत होत्या. आमच्या माणसाने पाठवल्या, तुम्ही घेतल्या नाहीत. आता ठेवून घ्या."

मालकाने पाकीट आत ठेवलं, झाकण लावलं आणि डबा आईकडे सरकवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "घेऊन जा यांना."

आईने डब्याचं झाकण काढलं. मग मला म्हणाली, "पेन काढ. तारीख घाल आणि लिही, घेण्यास नकार."

मी पर्समधल्या एका कोऱ्या कागदावर लिहिलं. आईने तो कागद घडी करून डब्यात ठेवला, बाबांच्या नऊ पाकिटांवर.