दुसऱ्यांदा डोलवलेली काच

ऐंशीच्या दशकात मुलुंडला स्टेशनजवळच्या एका छोट्या लॅबमध्ये मी रक्त तपासायचे. सीआरपी नावाच्या तपासणीवर माझा भारी जीव. काळ्या काचेवर रुग्णाच्या सीरमचा एक थेंब, त्यात दुधाळ औषधाचा एक थेंब, आणि दोन मिनिटं काच हातात डोलवत बसायचं. दाणे धरले तर अंगात जंतूंचा धुमाकूळ. थेंब तसाच दुधाळ राहिला तर निर्धास्त.

हे दाणे ज्याच्यामुळे धरतात ते प्रथिन सापडलं न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात, माझ्या जन्माच्याही आधी. रोगी बरा झाला की ते गायब. जंतू शिरला की यकृत ते भराभर बनवतं, ते जंतूला जाऊन चिकटतं आणि पांढऱ्या पेशींना कळतं कुणाला खायचं ते. लस नको, जंतूशी जुनी ओळखही नको. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

आमच्याच मजल्यावर मालवणकडच्या एक काकू राहायच्या. त्यांची सून बाळंत झाली, मुलगी झाली आणि सहाव्या दिवशी सुनेला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, दूध साठल्याचा असेल, पण सीआरपी करा, पॉझिटिव्ह आलं तर तडक हॉस्पिटल. रक्त मीच घेतलं, काच मीच डोलवली. एक दाणा नाही. निगेटिव्ह लिहून संध्याकाळी रिपोर्टही मीच घरी नेला. वर शहाणपणा केला, "काही नाही हो काकू, दूधच साठलंय."

मग सुनेच्या कपाळाला हात लावला आणि धाबं दणाणलं. अंग नुसतं तव्यासारखं. दात वाजत होते, पोटाला हात लावू देईना. मला औषधाच्या खोक्यातला कागद आठवला. रोगी आजारी दिसतोय पण दाणे धरत नाहीत, तर सीरम सलाइनने पातळ करून परत बघा, असं त्यावर छापलेलं असायचं. आम्ही ते कधी केलं नाही. खोकं फोडलं की त्या कागदावर वडापाव खायचो, खोटं कशाला बोलू.

तशीच लॅबला पळाले. तेच सीरम पातळ केलं, काच डोलवली. अर्ध्या मिनिटात दाणेच दाणे. त्या दुधाळ औषधात बारीक कण असतात, मधे प्रथिन धरून ते एकमेकांना जोडले गेले की दाणा होतो. आधी प्रथिन इतकं जास्त होतं की औषधाच्या प्रत्येक कणाचे हात त्यानेच भरून गेले होते, कणांना एकमेकांना धरायला हातच मोकळा नव्हता. ते बिचारं जिवाच्या आकांताने सांगत होतं आणि मी 'काही नाही' लिहिलं होतं. मला माझीच लाज वाटली.

रिक्षात घालून सुनेला हॉस्पिटलात नेलं. ती वाचली. बारसं लांबलं, पण झालं. त्या दिवशी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. घुगऱ्या वाढणारा त्यांचा हात थांबला. "म्हणजे तू परत गेलं नसतंस तर..." एवढंच म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. आता या घराची पायरी आपल्याला बंद झाली, असं मला वाटलं.

काकू नातीला घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"हिच्या आवशीचो, माझ्या सुनेचो रिपोर्ट तू परत बघलंस," त्या म्हणाल्या. "आता जो कोण येतलो, तेचो पयल्याच खेपेक नीट बघ, बाय."