बाबांचा ल्युपस आणि माझा

घरात दोघांना एकाच नावाचं दुखणं झालं, की त्यातल्या बऱ्या झालेल्या माणसाइतका ताप दुसऱ्याला कशाचाच होत नाही. आमच्या घरात बरे झालेले ते बाबा आणि गोळ्या खात बसलेली ती मी.

बाबांची गोष्ट आधी सांगते, कारण ती ऐकली नाही असा माणूस नेरूळमध्ये विरळा. रिटायर झाल्यावर त्यांना रक्तदाबाची एक गोळी सुरू झाली. काही महिन्यांनी सांधे धरले, ताप येऊ लागला, छातीत दुखू लागलं. तपासण्या झाल्या आणि निघाला ल्युपस. शरीराला जपणारी ताकदच उलटून शरीरावर धावून येते, तो हा आजार. पण बाबांचा त्या गोळीने आणलेला होता. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि थोड्याच आठवड्यांत बाबा पुन्हा बागेत चकरा मारू लागले. झालं! तेव्हापासून ते या विषयातले तज्ज्ञ.

पुढे माझ्या गालांवर लाल चट्टा उठला, सकाळी बोटं वळेनात आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली. माझा ल्युपस कुठल्या गोळीने आणलेला नव्हता. आपणहून आलेला, सगळ्या अंगात फिरणारा आणि किडनीपर्यंत पोचलेला. तो जात नाही, औषधांनी दाबून ठेवावा लागतो. हे मी बाबांना समजावलं. नवऱ्याने समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"अगं, मी काय केलं? गोळी बंद केली, खेळ खल्लास. तू उलट मूठभर गोळ्या खातेस. त्यानेच होतंय सगळं."

"बाबा, तुमचा वेगळा, माझा वेगळा."

"नाव एकच आहे ना?"

आमच्या सोसायटीत एकाच आडनावाची तीन बिऱ्हाडं आहेत, त्यातली दोन एकमेकांचं तोंड बघत नाहीत. नावाचं काय घेऊन बसलात! पण ऐकतो कोण? दर रविवारी बाबा दिवाळे गावच्या मासळीबाजारातून ताजे मासे घेऊन आमच्याकडे उलव्याला येणार आणि मासे ओट्यावर ठेवायच्या आत विचारणार, "कमी केल्यास का गोळ्या?" वर कोवळं ऊन खायचा सल्ला. मला ऊन वर्ज्य आहे. मी ढगाळ हवेतही छत्री घेऊन फिरते आणि बाबा म्हणतात, "सावलीत राहूनच आजारी पडलीस."

एकदा त्यांच्याबरोबर दिवाळ्याला गेले, तर त्यांची नेहमीची मासळीवाली मावशी म्हणाली, "बाय, तुजा बापूस सांगत व्हता, गोल्या सोरल्या का तू बरी व्हशील." म्हणजे माझ्या किडनीची चर्चा बोंबलांच्या टोपलीपर्यंत पोचली होती! मला इतका संताप आला, की मी मासे न घेताच रिक्षात जाऊन बसले.

मग मागच्या महिन्यात बाबा हट्टाने माझ्याबरोबर वाशीला डॉक्टरांकडे आले. "मी बोलतो त्यांच्याशी," म्हणाले. आणि खरंच बोलले. स्वतःची अख्खी कहाणी ऐकवून वर विचारलं, "मग हिच्या गोळ्या कधी बंद करायच्या?"

माझ्या डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, असं समजा, तुमच्या वॉचमनला बाहेरच्या कुणीतरी भडकवलं होतं. तो भडकवणारा गेला आणि वॉचमन शांत झाला. हिचा वॉचमन आपणहून फिरलाय. त्याला रोज सांभाळावं लागणार. गोळ्या अचानक थांबवल्या तर किडनी जाऊ शकते."

"पण बरी होईल ना?"

"आटोक्यात राहील. नीट जगेल."

"तसं नाही. माझा गेला तसा हिचा कधी जाणार?"

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

परतताना रिक्षात सानपाडा गेलं, जुईनगर गेलं, बाबा दुकानांच्या पाट्या वाचत बसले. मला वाटलं, सुटले एकदाची. तेवढ्यात ते पुटपुटले, "माझ्यासारखा असता तर एव्हाना गेला असता."

माझं डोकंच फिरलं. रिक्षावाल्यानेही आरशात पाहिलं. "नाहीये तो तुमच्यासारखा, बाबा! किती वेळा सांगू? आता तर डॉक्टरांनी सांगितलं. तरी तेच?"

"मला काय कळत नाही?" बाबा बाहेर बघत म्हणाले. "तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर म्हणत होतो, माझ्यासारखाच असू दे."

नेरूळ आलं. ते उतरले, चार पावलं गेले आणि परत आले. रिक्षात वाकून म्हणाले, "दुपारची गोळी जेवल्यावर असते ना? विसरू नकोस." आणि तिरपं ऊन माझ्या तोंडावर येत होतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने रिक्षाचा पडदा खाली सोडला.