कडेवर घ्यायला लागलेले सहा महिने

“माकडांच्या पिल्लांचा अभ्यास करते म्हणे, भाच्याला मात्र कडेवर घेत नाही,” ताईच्या सासूबाई स्वयंपाकघरात म्हणाल्या. मी बाहेर बसून ऐकत होते. सोमवारी ताईला हिंजवडीच्या ऑफिसात रुजू व्हायचं होतं, नाहीतर राजीनामा. गुडघ्यांमुळे सासूबाईंना दिवसभर एकटीने बाळ झेपणार नव्हतं.

मी प्रयोगशाळेत मार्मोसेट या चिमुकल्या माकडांचे हार्मोन मोजते. त्यांच्यात बाप आणि मोठी भावंडंही पिल्लं पाठीवर वागवतात, आणि वागवता वागवता त्यांच्यातही प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं, आईला दूध येताना वाढतं तेच, पिल्लांची ओढ लावणारं. हे माहीत असूनही आधी मनात माया दाटेल, मग बाळाला घेईन, म्हणून मी सहा महिने थांबले होते.

ताई आंघोळीला गेली आणि बाळ रडू लागलं. मी त्याला उचललं. फक्त काखांत धरून.

सासूबाई दारात आल्या. “अगं, माकड नाहीये तो, स्वतः धरून बसायला. खालून हात दे.”

मी हात दिला. तो रडतच होता, पण मी त्याला खाली ठेवलं नाही.

“काकू,” मी म्हणाले, “सोमवारपासून सकाळी मी सांभाळते. दुपारी तो झोपला की मी प्रयोगशाळेत जाईन, मग तुम्ही बघा.”