येऊरचा वाघ आणि मिठाचे खडे

ठाण्यात मी राहायचो ते मिठाच्या खोलीत. खाडीकाठच्या एका आगरी घराला लागून ती खोली होती, तीन भिंतींना छपरापर्यंत गोणी आणि चौथ्या भिंतीला मी. चांद्याकडच्या खेड्यातून चौथी पास होऊन, म्हणजे शाळा सोडून, मी इतक्या लांब आलेलो आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेलो. खोलीत कपडे कधी वाळायचे नाहीत. आगपेटी पेटायची नाही. लोणचं मुरतं तसा मी तिथं मुरत होतो, पण तक्रार नव्हती. घरातली म्हातारी मला दोन्ही वेळा पोटभर जेवू घालायची, आणि त्या काळात एवढ्यावर मी तिला देवाच्या वरच्या पाटावर बसवलं असतं.

त्या भाद्रपदात म्हातारीचा भाऊ आला. सगळे त्याला मामा म्हणायचे. त्याच्या मुलाला ठाण्यात नोकरी लागलेली आणि त्याला ही खोली हवी होती. माझ्यासमोरच, माझ्याकडे न बघता, तो म्हातारीच्या नवऱ्याला म्हणाला, "दाजी, परका कनाला ठेवलाय? घरचा पोर हाय ना आपला."

म्हाताऱ्याला बायकोच्या भावाला नाही म्हणायची हिंमत नव्हती. मला जा म्हणायचीही नव्हती. म्हणून त्यानं चहाची बशी खाली ठेवली आणि भलतंच बोलला. येऊरच्या डोंगरावर वाघानं गाय मारल्याची बातमी तेव्हा ठाणेभर फिरत होती. मिठागरं पावसाळ्यामुळे बंद, घरात सगळे रिकामे.

"उद्या सगले येऊरला जाव," तो म्हणाला. "हा चांद्याचा. वाघांच्या गावचा. यानं वाघ दाखवला तर खोली याची. नाय दाखवला तर तुझ्या पोराची."

"शब्द?" मामा म्हणाला.

"शब्द."

चांद्याकडे वाघ असतात हे खरं, पण आमच्या गावात शहाणा माणूस वाघ बघायला जात नाही, वाघ नसेल तिकडे जातो. मी वाघ पाहिलेलाच नव्हता. हे मी त्या रात्री म्हातारीला सांगितलंही. ती म्हणाली, "आमी तरी कुटं पाह्यलाय? गप झोप."

म्हाताऱ्यानं सगळा जन्म त्या डोंगराच्या पायथ्याशी काढलेला, पण वर कधी गेलेला नव्हता. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "वर भरती येत नाय. मग जायाचं कनाला?"

आणि भरती-ओहोटीवरच त्यानं सहलीची वेळ काढली. बोटांवर तिथी मोजली आणि जाहीर केलं की दुपारी जेवायच्या सुमाराला वाघ पाण्यावर येणार.

"दुपारी, बाबा?" मी विचारलं.

"तवा ओहोटी लागते. खाडीवर बगले, कोल्हे, सगले ओहोटीलाच चिखलात उतरतात. वाघाला काय येगला नेम?"

जनावर पाण्यावर येतं ते तिन्हीसांजेला किंवा भल्या पहाटे, एवढं चांद्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ज्याच्या छपराखाली झोपतो त्याची ओहोटी खोटी कशी म्हणायची? मी म्हणालो, "हो जी."

आता वर्तकनगर उभं आहे त्या बाजूला तेव्हा नुसतं गुडघाभर गवत होतं. ते तुडवत आम्ही निघालो. पुढे म्हातारा, मागे मामा, मग म्हातारी, तिची सून, दोन नातवंडं आणि मी, डोक्यावर भाकऱ्यांचं आणि जवळ्याच्या चटणीचं गाठोडं घेऊन. त्या जवळ्याचा वास असा, की वाघाला आमचा पत्ता विचारावा लागला नसता.

झाडी सुरू होते तिथं वाघोबाचा दगड होता. शेंदराखाली वाघ आहे की बैल आहे हे कळू नये इतका जुना. म्हातारीनं पदराची गाठ सोडली. या घराची एक रीत होती. घरातली माणसं जोखमीच्या जागी निघाली की घरातल्या प्रत्येकाच्या नावानं देवापुढे मिठाचा एकेक खडा ठेवायचा. परतताना तेच खडे उचलायचे आणि त्या दिवशीच्या कालवणात टाकायचे, म्हणजे माणसं पुरी घरी आली.

तिनं खडे मांडले. हा म्हाताऱ्याचा, हा सुनेचा, हे पोरांचे.

"आन माझा?" मामानं विचारलं.

"तुझा तुझी बायको ठेवील. तू तिच्या घरचा."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक खडा ठेवला. "हा याचा."

"जल्लां, भाडोत्र्याचा खडा!" मामा भडकला.

"जेवतो ना घरात? वाघ काय भाडं इचारून खातो?"

"खडा ठेव नायतर गोणी ठेव. शब्द तो शब्द."

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी गाठोडं नीट करायचं सोंग केलं.

जंगल आत शिरताच अंगावर आलं. वेलींनी झाडं बांधून टाकलेली, खाली पाचोळा कुजलेला, वरून थेंब मानेत. कोळ्यांची जाळी तोंडाला चिकटायची. ओढ्याकाठी म्हाताऱ्यानं बसकण मारली आणि डबक्याकडे टक लावून बसला, पाणी उतरतंय का बघत. पाणी कसलं उतरतंय! सगळं रान दुपारच्या झोपेत होतं. ओरडत होते ते फक्त रातकिडे आणि मामा.

"खोलीला खिडकी हाय कं?" त्यानं मला विचारलं. "पोराची खाट कुटल्या अंगाला लागंल?"

मी जिकडे तिकडे वाघ शोधू लागलो. उंच गवत हललं, मी बोट दाखवलं. वारूळ दिसलं, मी बोट दाखवलं. शेवटी नातू म्हणाला, "काका, तू आजीला पन वाघ म्हनशील आता."

"काय चुकंल त्यात?" म्हातारा पुटपुटला.

भाकऱ्या संपल्या. ओहोटी, म्हाताऱ्याच्या हिशेबानं, येऊन गेली. वाघाला कुणी तिथी कळवलेली नसावी. आम्ही परत फिरलो. मामा पुढे, शीळ घालत. मी मागे, आपली वळकटी कुठं न्यायची याचा विचार करत. कल्याणला गावचा एक ओळखीचा होता, पण त्याच्याच खोलीत आठजण झोपायचे.

वाघोबाच्या अलीकडे नातीनं एकदम सुनेचा पदर ओढला. मामाची शीळ थांबली.

दगडापुढे एक भेकर उभं होतं. तांबूस, बकरीएवढं, ओल्या डोळ्यांचं. मान खाली घालून, शेपटी उडवत, मन लावून ते आमचे खडे चाटत होतं. चाटायचं, थांबायचं, जीभ नाकावरून फिरवायचं, पुन्हा चाटायचं. इतकं सुंदर काही मी ठाण्यात आल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग म्हातारीला समजलं की काय चाललंय.

"अगो बाय! माझी सून चाटून खाल्लान!"

भेकर कुत्र्यासारखं भुंकलं आणि झाडीत गडप. आम्ही धावलो. दगडापुढे नुसती ओली जागा. एकही खडा उरला नव्हता.

"ऱ्हाव दे," मामा म्हणाला. "भेकर म्हंजे वाघ नाय. खोली माझ्या पोराची."

म्हातारा उकिडवा बसला. त्या ओल्या जागेवर त्यानं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खोली देतो," तो म्हणाला. "पन आदी याचा खडा आमच्या खड्यांतून येगला काडून दे."

"आता कसा काडू? गेला ना भेकराच्या पोटात!"

"सगले एका पोटात गेले. मग मी तरी याला कसा काडू?"

मामा तरातरा घराकडे चालू लागला.

त्या संध्याकाळी म्हातारीनं कालवण अळणी केलं. आणलेले खडे नाहीत, मग दुसरं मीठ घालायचं नाही, असं तिनं ठरवलं. छपरापर्यंत मिठाच्या गोणी असलेल्या घरात आम्ही सगळे तोंडं वाकडी करून अळणी मासे गिळत होतो. दोन घासांत मामाचा धीर सुटला.

"दाजी, जरा मीठ तरी."

"मीठ खोलीत हाय," म्हातारा म्हणाला. "पन खोली याची. याला इचार."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी तर विचारायच्या आधीच अर्धा उठलेलो.

"बस," म्हातारी म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. "त्याला इचारू दे पयला."